पट्टी उतरल्यावर

रॉक संगीत तरुणांचे म्हणून जन्माला आले. त्याचे कलावंत कधीतरी म्हातारे होतील, याचा विचार सुरुवातीची बरीच वर्षे कोणी केलाच नाही. ‘द हू’ या ब्रिटिश बँडचे ‘माय जनरेशन’ हे गाणे १९६५ मध्ये आले. म्हातारपणाचा उघड तिटकारा त्यात भरलेला आहे, आणि ते लिहिणारा पीट टाउनशेंड तेव्हा २० वर्षांचा होता. पुढच्या काही वर्षांत जे घडले त्यामुळे रॉक आणि तारुण्य यांची गाठ आणखी घट्ट बसली. १९६९ मध्ये ब्रायन जोन्स गेला, १९७० मध्ये जिमी हेंड्रिक्स आणि जॅनिस जॉपलिन, १९७१ मध्ये जिम मॉरिसन. चौघांचेही वय २७ होते. अकाली मरण हा या संगीताचा संकेतच ठरून गेला.

जे जगले ते मात्र गात राहिले. बॉब डिलन (जन्म १९४१), पॉल मॅकार्टनी (१९४२), मिक जॅगर, कीथ रिचर्ड्स आणि जोनी मिचेल (तिघेही १९४३) ही मंडळी ऐंशी ओलांडल्यावरही रंगमंचावर उभी राहिली आहेत. टाउनशेंडनेही २०२५ मध्ये ८० पूर्ण केली. ज्या संगीताला म्हातारपणाची कल्पनाही नव्हती, त्याच्यापाशी आता वृद्ध कलावंतांची अख्खी पिढी आहे. तिने काय करावे, तिला कसे ऐकावे, याचा पायंडा आधी कोणी घालून दिलेला नाही.

या संगीतावर प्रेम करणाऱ्यांतही याबाबत दोन तट पडतात. पुढील संवादातला चाहता मुंबईचा आहे, शाळकरी वयापासून हेच ऐकत आलेला. समीक्षिका त्याच्याहून एक पिढी लहान आहे. तिचा आक्षेप कलावंतांच्या वयाला नाही. त्या वयात ते काय गातात आणि का गातात, याला आहे.

समीक्षिका: “रॉक हे बंडाचं संगीत आहे. घराविरुद्ध, शाळेविरुद्ध, सैन्यभरतीविरुद्ध. १९६५ मध्ये ‘सॅटिस्फॅक्शन’ गाणारा मिक जॅगर खरोखरच अस्वस्थ पोरगा होता. आज तो ‘सर’ आहे, पणजोबा आहे, आणि तेच गाणं तशाच आवेशात म्हणतो. वय झालं म्हणून मला खटकत नाही. त्या गाण्यातलं आता त्याच्या बाबतीत काहीच खरं उरलेलं नाही, म्हणून खटकतं.”

चाहता: “तुम्ही गोष्ट १९६५ पासून सुरू करता. चार वर्षं मागे जाऊ. ऑक्टोबर १९६१, लंडनजवळच्या डार्टफर्ड स्टेशनचा फलाट. जॅगर आणि रिचर्ड्स लहानपणी एकमेकांना ओळखत होते, ते पुन्हा भेटले. बोलणं कशावरून सुरू झालं? जॅगरच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्सच्या रेकॉर्डी होत्या. मडी वॉटर्स तेव्हा ४८ वर्षांचा होता. या पोरांना आपल्या वयाच्या कुणासारखं गायचंच नव्हतं. मिसिसिपीतून शिकागोला आलेल्या पोक्त माणसांसारखं गायचं होतं. ‘रोलिंग स्टोन्स’ हे बँडचं नावसुद्धा त्यांनी मडी वॉटर्सच्याच गाण्यावरून घेतलं.”

चाहत्याच्या या म्हणण्याला इतिहासाचा चांगला आधार आहे. रॉकची मुळे ज्या ब्लूजमध्ये आहेत, तिथे वय ही उणीव मानली जात नव्हती. ज्या वर्षांत ब्रिटनमध्ये ‘रोलिंग स्टोन्स’ आणि ‘द हू’ उभे राहत होते, त्याच वर्षांत अमेरिकेतले तरुण जुन्या ब्लूज गायकांचा शोध घेत गावोगाव फिरत होते. १९२८ मध्ये रेकॉर्डिंग करून विस्मरणात गेलेला मिसिसिपी जॉन हर्ट १९६३ मध्ये ॲव्हलॉन या त्याच्या गावी सापडला. तेव्हा तो सत्तरीच्या घरात होता, आणि त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायला. सन हाउस १९६४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात सापडला. कित्येक वर्षे त्याने गिटारला हात लावला नव्हता. पुढे ‘कॅन्ड हीट’ या बँडमुळे नाव झालेल्या ॲलन विल्सनने त्याला त्याचीच गाणी पुन्हा बसवायला मदत केली. जॉन ली हूकरचा ‘द हीलर’ हा गाजलेला अल्बम १९८९ मध्ये, त्याच्या सत्तरीनंतर आला. बांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ मध्ये पहिला महिंद्रा ब्लूज महोत्सव झाला तेव्हा तिथे गायलेला बडी गाय ७४ वर्षांचा होता. ब्लूजचा श्रोता गायकाचे वय त्याच्या अधिकारात जमा धरतो.

समीक्षिका: “उदाहरणं सगळी ब्लूजची झाली. ब्लूजचा विषय सोसणं हा आहे, आणि सोसणं वयाबरोबर वाढतं. पण या इंग्लिश पोरांनी ब्लूजमधून उचललं काय? वेग वाढवला, आवाज वाढवला, अंगातली मस्ती वाढवली. सोसण्याचा भाग बराचसा मागे राहिला. मग साठ वर्षांनी ‘आमची मुळं ब्लूजमध्ये’ असं म्हणून कसं चालेल?”

चाहता: “सगळ्यांचं चालणार नाही. काही गाणी वयाबरोबर वाढतच नाहीत, हे मला मान्य आहे. पोरींच्या मागे लागण्याची गाणी ऐंशीच्या माणसाने म्हटली की मलाही अवघडल्यासारखं होतं. पण सरसकट निकाल देऊ नका. कुणाचं गाणं वयाबरोबर बदललं आणि कुणाचं तिथेच अडकलं, हे एकेक माणूस घेऊन पाहावं लागेल.”

तसे पाहायचे तर सुरुवात शरीरापासून करावी लागते. वय वाढते तसे स्वरयंत्रातल्या कूर्चा कडक होतात, स्वरतंतूंचे स्नायू बारीक होतात, त्यांची लवचिकता घटते. फुप्फुसांची ताकद कमी झाल्याने दमसास आखूड होतो. पुरुषाचा बोलण्याचा स्वर उतारवयात किंचित चढू शकतो, स्त्रीचा खाली येतो. वरच्या टोकाचे स्वर मात्र दोघांनाही सोडून जाऊ लागतात. रॉक गायकाची अडचण इथे दुहेरी होते. विशीत रेकॉर्ड केलेली बरीच गाणी त्याच्या आवाजाच्या अगदी वरच्या काठावर बांधलेली असतात, कारण गिटार आणि ड्रमच्या कल्लोळातून तोच स्वर आरपार जातो आणि त्यातला ताण ऐकणाऱ्याला उत्कट वाटतो. ॲक्सल रोझच्या १९८७ च्या ‘ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ या अल्बममधल्या किंकाळ्या अशाच काठावरच्या आहेत. मे २०२५ मध्ये ‘गन्स अँड रोझेस’ मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर आले तेव्हा तो ६३ वर्षांचा होता, आणि त्याच्याकडून अपेक्षा पंचविशीतल्या आवाजाची होती.

हिंदुस्तानी गायक वयानुसार आपली पट्टी बदलतो. काळी एकवरून तो पांढरी एकवर आला तर तंबोरे तसे लावले जातात आणि मैफल सुरू होते. रॉकमध्ये हे इतके सोपे नाही. गिटारचे रिफ, म्हणजे ज्या छोट्या स्वरगटावर गाणे उभे असते ते, पुष्कळदा मोकळ्या तारांवर बसवलेले असतात. कीथ रिचर्ड्सने तर गिटारची सहावी तार काढून टाकली आणि उरलेल्या पाच अशा लावल्या की मोकळ्या छेडल्या तरी अख्खी मेजर कॉर्ड वाजावी. ‘हाँकी टाँक विमेन’ आणि ‘स्टार्ट मी अप’ यांचा बाज त्या लावणीतूनच आला. अशा गाण्याची पट्टी उतरवायची तर सगळ्या गिटारींच्या तारा सैल कराव्या लागतात, आणि तारा सैल झाल्या की नादाचा पोत बदलतो. त्यातून मूळ रेकॉर्ड प्रत्येक श्रोत्याच्या कानात पक्की बसलेली असते. अर्ध्या स्वराचा फरकही त्याला जाणवतो, आणि काहींना तो फसवणुकीसारखा वाटतो.

चाहता: “हेच मला अन्यायाचं वाटतं. मल्लिकार्जुन मन्सूर सत्तरी ओलांडून गायला बसायचे तेव्हा त्यांच्या विशीतल्या आवाजाशी कुणी तुलना करत नव्हतं. रॉक गायकाला मात्र जन्मभर स्वतःच्याच बाविसाव्या वर्षाशी स्पर्धा करावी लागते.”

समीक्षिका: “कारण तो स्वतःच ते बाविसावं वर्ष विकतो. मन्सूर त्या संध्याकाळी राग नव्याने मांडत होते. स्टेडियममधला बँड ठरलेली वीस गाणी ठरल्या क्रमाने वाजवतो, मागच्या भिंतीएवढ्या पडद्यावर जुन्या चित्रफिती दाखवतो. तुलना श्रोत्याने सुरू केलेली नाही.”

समीक्षिकेचा मुद्दा बिनतोड आहे, आणि चाहत्याला त्यावर एकच उत्तर देता येते: ज्यांनी गाणे खरोखर नव्याने मांडले त्यांच्याकडे बोट दाखवणे. त्यात पहिले नाव जोनी मिचेलचे. ‘बोथ साइड्स नाऊ’ हे गाणे तिने १९६७ मध्ये, २३ व्या वर्षी लिहिले. आयुष्याकडे दोन्ही बाजूंनी पाहून झाल्यावर त्यातले किती थोडे कळले, हा त्याचा विषय. १९६९ च्या ‘क्लाउड्स’ अल्बममध्ये ती ते उंच, निर्मळ आवाजात गाते. मुलीने आईची साडी नेसावी तसे ते शब्द तिच्या वयाला मोठे होतात. २००० मध्ये तिने तेच गाणे पूर्ण वाद्यवृंदाबरोबर पुन्हा रेकॉर्ड केले. अनेक दशकांच्या सिगारेटींनी आणि वयाने आवाज तोवर कितीतरी खाली आला होता, लयही संथ झाली होती. शब्द तेच होते. ऐकणाऱ्याला मात्र आता ते पटत होते. २०१५ मध्ये मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या विकारामुळे तिला चालणे, बोलणे सगळे नव्याने शिकावे लागले. गिटारवर बोटे कुठे ठेवायची हे ती स्वतःच्याच जुन्या चित्रफिती पाहून शिकली. जुलै २०२२ मध्ये ती न्यूपोर्टच्या महोत्सवात अनपेक्षितपणे आली आणि हे गाणे खुर्चीत बसून गायली. फेब्रुवारी २०२४ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी, ग्रॅमी सोहळ्यातले तिचे पहिलेवहिले गायन झाले, तेही याच गाण्याचे.

चाहता: “१९६९ ची रेकॉर्ड आणि २००० ची रेकॉर्ड एकापाठोपाठ ऐका. पहिली जास्त सुरेल आहे. दुसरी जास्त खरी आहे. तुम्ही सुरुवातीला खरेपणाचाच निकष लावलात ना?”

समीक्षिका: “लावला, आणि इथे तुमचं म्हणणं मान्य करते. पण जोनी मिचेलचं गाणं मुळातच पोक्त होतं. वयाने तिला तिच्या गाण्यापर्यंत नेऊन पोहोचवलं, एवढंच. ज्याला स्वतःचं गाणं मोडून नवं करावं लागलं, असं कुणी सांगा.”

असा कलावंत म्हणजे बॉब डिलन. ७ जून १९८८ रोजी कॅलिफोर्नियातल्या काँकर्डमध्ये त्याने एक दौरा सुरू केला. लोकांनी त्याला ‘नेव्हर एंडिंग टूर’ हे नाव दिले आणि ते चिकटले, कारण महासाथीतला खंड सोडला तर तो माणूस आजवर थांबलेला नाही. या मैफलींत डिलन आपल्या गाण्यांची चाल, लय, ठेका, कधी शब्दही बदलतो. ओळखीचे गाणे दुसऱ्या कडव्यापर्यंत ओळखू येत नाही. पुढे त्याने गिटार बहुतांशी बाजूला ठेवून पियानो घेतला. आवाज फार पूर्वीच घोगरा झाला होता. तो लपवण्याऐवजी त्याने त्याला साजेशी गाणी लिहिली. ‘टाइम आउट ऑफ माइंड’ (१९९७) हा म्हातारपणाच्या उंबरठ्यावरचा अल्बम आहे. थकवा आणि मृत्यूची चाहूल त्यात भरून राहिली आहे. त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले. मग २०१५ ते २०१७ या काळात त्याने फ्रँक सिनात्रा ज्या पिढीची गाणी गात असे त्यांचे तीन अल्बम केले. त्या वेळी अनेकांना हे भरकटणे वाटले. खरे तर सत्तरी ओलांडलेला गायक तिथे हळू आवाजात गायचा, शब्द नीट उच्चारायचा आणि श्वास राखायचा रियाज करत होता. त्याचे फळ ‘रफ अँड राउडी वेज’ (२०२०) मध्ये ऐकू येते. त्यातले केनेडींच्या हत्येवरचे सुमारे १७ मिनिटांचे ‘मर्डर मोस्ट फाउल’ हे बरेचसे बोलून, जवळजवळ कीर्तनकाराच्या निवेदनासारखे सांगितलेले गाणे तरुण डिलनला झेपले नसते. त्याला लागणारा ठहराव तेव्हा त्याच्यापाशी नव्हता.

समीक्षिका: “पण दूरवरून तिकीट काढून आलेल्या माणसाला आपलं आवडतं गाणं ओळखूसुद्धा आलं नाही, तर त्याने काय करायचं?”

चाहता: “चिडायचं. मीही चिडलो असतो. पण मग घरी जाऊन विचार करायचा की याने साठ वर्षं तेच गाणं तसंच म्हटलं असतं तर ते आजवर टिकलं असतं का. डिलनला श्रोत्याचा अपमान करायचा नसतो. श्रोत्याला रेकॉर्ड पाठ आहे हे तो जाणतो, म्हणून तो रेकॉर्ड पुन्हा वाजवत नाही.”

लेनर्ड कोहेनचा प्रवास याहून वेगळा, आणि त्याचा एक धागा मुंबईशी जुळलेला आहे. लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डीवरील झेन मठात काही वर्षे काढल्यावर १९९९ मध्ये कोहेन मुंबईत आला तो रमेश बाळसेकरांना ऐकायला. बाळसेकर बँक ऑफ इंडियाचे निवृत्त अध्यक्ष. निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे इंग्रजी भाषकांना उलगडून सांगणारे दुभाषे म्हणूनही ते ओळखले जात. कोहेनला तरुणपणापासून नैराश्याने घेरले होते. या काळानंतर ते ओसरले असे तो सांगत असे. पुढे त्याच्या व्यवस्थापनातल्या माणसाने त्याची जमापुंजी लाटल्याचे उघडकीस आले, आणि २००८ मध्ये, ७३ व्या वर्षी, पैशांच्या गरजेपोटी तो पुन्हा दौऱ्यावर निघाला. पाच-सहा वर्षे तो जगभर गायला, एकेका मैफलीत तीन-तीन तास. आवाज पार खर्जात उतरला होता. त्या खर्जाभोवती वाद्ये इतकी हलकी ठेवलेली असत की त्याचे पुटपुटणेही शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावे. स्त्रियांचे तीन आवाज वरची जागा भरून काढत. ‘यू वाँट इट डार्कर’ हा अल्बम त्याने घरी खुर्चीत बसून गायला. निर्मिती मुलाने, ॲडमने केली. तो २१ ऑक्टोबर २०१६ रोजी आला आणि ७ नोव्हेंबरला कोहेन गेला, ८२ व्या वर्षी.

समीक्षिका: “कोहेनपुढे माझा आक्षेप टिकत नाही. पण तो आणि डिलन दोघेही शब्दांचे कलावंत. मैदानी रॉकमध्ये शब्द दुय्यम असतात, अंगमेहनत पहिली. तिथे वयाचं काय करणार?”

या प्रश्नाचे उत्तर गायकांपेक्षा ड्रम वाजवणाऱ्यांत शोधणे योग्य ठरते, कारण बँडमध्ये सर्वांत जास्त शारीरिक कष्ट त्यालाच पडतात. ‘द हू’चा कीथ मून अंगात आल्यासारखा वाजवत असे; तो १९७८ मध्ये ३२ व्या वर्षी गेला. फिल कॉलिन्सच्या पाठीच्या कण्याची दुखणी इतकी वाढली की त्याला काठ्या धरता येईनात. मार्च २०२२ मध्ये ‘जेनेसिस’च्या लंडनमधल्या शेवटच्या मैफलीत तो बसून गायला आणि ड्रमवर त्याचा मुलगा निक होता. या दोघांच्या जोडीला ‘स्टोन्स’चा चार्ली वॉट्स ठेवून पाहावा. तो मनाने जॅझचा माणूस. त्याचा ड्रमसंच लहान असे, डावी काठी तो जुन्या जॅझ पद्धतीने तळव्यात आडवी धरी, हात उगाच उंच उचलत नसे. त्याची एक लकब प्रसिद्ध आहे. स्नेअर ड्रमवर आघात करताना तो हाय-हॅटच्या झांजांवरचा हात क्षणभर उचलून घेई. त्यामुळे तो आघात मोकळा वाजे आणि ठेक्याला किंचित मागे रेललेली चाल येई. तीच ‘स्टोन्स’ची ओळख आहे. कमी ताकदीत जास्त परिणाम साधणारी ही पद्धत त्याने विशीतच धरली होती, म्हणून उतारवयात त्याला काही सोडून द्यावे लागले नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये मायामीत त्याने शेवटचे वाजवले तेव्हा तो ७८ वर्षांचा होता. दोन वर्षांनी तो गेला. रिचर्ड्सची बोटे आता सांध्यांच्या दुखण्याने पूर्वीसारखी वळत नाहीत. त्यामुळे वादनात नव्या वाटा शोधाव्या लागतात असे त्याने सांगितले आहे. तो मुळात भरभर वाजवणारा कधीच नव्हता. दोन स्वरांमध्ये किती थांबायचे, यातच त्याची कला आहे, आणि ती सांध्यांवर अवलंबून नाही.

समीक्षिका: “बरं, कलेबद्दल बोललो. आता पैशाबद्दल बोलू या. ऑक्टोबर २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या इंडिओला ‘डेझर्ट ट्रिप’ झाली. डिलन, स्टोन्स, नील यंग, मॅकार्टनी, द हू, रॉजर वॉटर्स, सगळे एका मैदानात. तिकिटं कुणाला परवडली? ज्यांचं घरकर्ज फिटलंय आणि मुलं मार्गी लागलीत, त्यांना. २०२२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या दौऱ्याची काही तिकिटं मागणीनुसार चढत ५,००० डॉलरपर्यंत गेली. कामगारांची गाणी लिहिणारा माणूस! आणि निरोपाचे दौरे. ‘द हू’ने १९८२ मध्ये निरोप घेतला आणि १९८९ मध्ये परत आले. ऑझी ऑस्बॉर्नने १९९२ मध्ये ‘नो मोर टूर्स’ म्हटलं, आणि तीन वर्षांत पुन्हा निघाला.”

चाहता: “तिकिटांच्या दरांचं समर्थन मी करणार नाही. स्प्रिंगस्टीनने ती पद्धत स्वीकारली तेव्हा मला खरंच दुःख झालं. एकच सांगतो. रेकॉर्डी विकून घर चालायचं ते दिवस गेले. ऑनलाइन ऐकण्यातून हातात थोडं पडतं, त्यामुळे म्हातारा-तरुण कुणीही असो, दौऱ्याशिवाय गत्यंतर नाही. कोहेन तर लुबाडला गेला म्हणूनच बाहेर पडला, आणि त्यातून आपल्याला त्याची सगळ्यात सुंदर वर्षं मिळाली. पैशासाठी गायलं म्हणून गाणं वाईट होत नाही.”

समीक्षिका: “निरोपाबद्दल काय?”

चाहता: “खोटा निरोप घेऊ नये. २०२४ चा ‘स्टोन्स’चा अमेरिकी दौरा तिथल्या पन्नाशीपुढच्या नागरिकांच्या संघटनेने पुरस्कृत केला होता. लोकांनी थट्टा केली. मला ते सरळ वाटलं. आम्ही म्हातारे आहोत, आमचे श्रोते म्हातारे आहेत, आणि आम्ही वाजवणार आहोत.”

इथून वाद श्रोत्यावर येतो. पौगंडावस्था आणि विशीतल्या आठवणी उरलेल्या आयुष्यातल्या आठवणींपेक्षा ठळक आणि संख्येने जास्त राहतात, हे मानसशास्त्राने अनेकदा तपासलेले निरीक्षण आहे. त्या काळात कानावर पडलेले संगीतही म्हणून जन्मभर जवळचे वाटते. समीक्षिकेचा संशय असा की जुना चाहता समोरच्या गायकाला ऐकतच नसतो. तो स्वतःचे कॉलेजचे दिवस ऐकत असतो.

चाहता: “तुमचा संशय लंडनच्या चाहत्याला लागू पडेल. त्याने १९६९ मध्ये हाइड पार्कला ‘स्टोन्स’ पाहिले असतील, आज तो त्याच दिवसाची राख फुंकत बसला असेल. आमचं काय होतं? रिदम हाउसच्या दुकानात जायचं, काचेच्या खोपटात उभं राहून रेकॉर्ड ऐकायची, विकत घ्यायची ऐपत नसायची. मग कुणाकडून तरी कॅसेट भरून घ्यायची, तीसुद्धा कॉपीची कॉपी. धोबी तलावच्या रंगभवनात आपल्याच पोरांचे बँड इंग्लिश गाणी वाजवायचे. १९७२ मध्ये ‘लेड झेपलिन’चे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर रेकॉर्डिंग करून गेले, कुलाब्याच्या एका क्लबात वाजवलंही. पण ते ऐकणारे किती? मूठभर. ‘स्टोन्स’ ब्रेबॉर्न स्टेडियमवर आले ते एप्रिल २००३ मध्ये. जॅगर साठीला टेकला होता. तरुण जॅगर आम्ही फक्त रेकॉर्डच्या वेष्टनावर पाहिला. आम्हाला प्रत्यक्ष भेटले ते म्हातारेच, आणि आम्ही प्रेम केलं ते त्यांच्यावर.”

हा मुद्दा एका चाहत्यापुरता नाही. आपल्याकडच्या श्रोत्यांच्या दोन-तीन पिढ्यांनी हे संगीत उशिरा, तुकड्यातुकड्यांनी आणि प्रत्यक्ष कलावंतांशिवाय ऐकले. रॉजर वॉटर्सने मुंबईत मैफल केली तेव्हा तो साठी ओलांडलेला होता. पाश्चात्त्य श्रोता ज्या ऱ्हासाची मोजणी करतो, त्याची सुरुवातीची बाजूच इथल्या श्रोत्यापाशी नव्हती. त्यामुळे समोर जे आहे तेच ऐकण्याची संधी त्याला आयतीच मिळाली.

समीक्षिका: “संधी मिळाली, हे खरं. पण कानात रेकॉर्ड होतीच, आणि ब्रेबॉर्नवर लोकांनी मागितली ती जुनीच गाणी. नवं काही ऐकायला कोण गेलं होतं? माझी कसोटी तीच आहे. या लोकांनी उतारवयात नवं काय केलं?”

चाहता: “मग ‘स्टोन्स’चेच दोन अल्बम सांगतो. २०१६ चा ‘ब्लू अँड लोनसम’. जुन्या ब्लूजची गाणी, तीन दिवसांत सगळ्यांनी एकत्र बसून वाजवलेली. त्यातला जॅगरचा माउथ ऑर्गन ऐका. तो माणूस तिथे नाचत नाही, पोझ देत नाही, नुसता वाजवतो. दुसरा २०२३ चा ‘हॅकनी डायमंड्स’. स्वतःच्या नव्या गाण्यांचा त्यांचा १८ वर्षांतला पहिलाच अल्बम. सगळा मला आवडत नाही. काही गाणी फार घासूनपुसून गुळगुळीत केली आहेत. पण शेवटी जॅगर आणि रिचर्ड्स दोघंच, एक गिटार, एक माउथ ऑर्गन घेऊन मडी वॉटर्सचं तेच गाणं वाजवतात, ज्याच्यावरून बँडला नाव मिळालं. डार्टफर्डच्या फलाटावर त्यांना ज्याच्यासारखं व्हायचं होतं, त्याच्यापेक्षा ते आता वयाने मोठे आहेत. मडी वॉटर्स सत्तरीतच गेला. त्याचं गाणं इतक्या उतारवयात कसं वाजतं हे त्यालाही दाखवता आलं नाही, यांनी दाखवलं.”

समीक्षिका: “तो तुकडा मीही पुन्हा पुन्हा ऐकला आहे. त्याबद्दल वाद नाही. पण माझ्या मनात खरा आदर आहे तो रॉबर्ट प्लांटबद्दल. डिसेंबर २००७ मध्ये लंडनला ‘लेड झेपलिन’ एका रात्रीसाठी एकत्र आले. सगळं जग पुढच्या दौऱ्याची वाट पाहत होतं, अफाट पैसा समोर होता. त्याने नाही म्हटलं. विशीतला तो तार सप्तकातला आवाज रोज काढणं आता आपलं काम नाही, हे त्याला कळलं. तो गायिका ॲलिसन क्राउसबरोबर ‘रेझिंग सँड’ या अल्बमची गाणी गायला गेला, हळू, एकमेकांच्या आवाजाला आवाज लावून. थांबणं हीसुद्धा कलेतलीच समज आहे.”

चाहता: “प्लांट थांबला नाही, त्याने वाट बदलली. माझ्या हिशेबात तो डिलनच्याच रांगेत बसतो.”

समीक्षिका: “आणि ऑझी?”

५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर, ज्या ॲस्टन भागात तो वाढला तिथेच, ऑझी ऑस्बॉर्न शेवटचा गायला. पार्किन्सनमुळे त्याला उभे राहता येत नव्हते, म्हणून तो मोठ्या सिंहासनात बसून होता. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडचे मूळ चारही सदस्य २० वर्षांनी एकत्र आले होते. आवाज जागोजागी डळमळत होता. दिवसभर हेवी मेटलमधले मोठमोठे बँड त्याच्या सन्मानार्थ वाजले, आणि जमलेला पैसा रुग्णालयांना व पार्किन्सनसाठी काम करणाऱ्या संस्थेला देण्याचे ठरलेले होते. त्यानंतर १७ दिवसांनी तो गेला.

चाहता: “त्या दिवशी तो सुरात किती होता हे विचारणंच मला गैर वाटतं. तो आला होता.”

समीक्षिका: “मला नाही वाटत गैर. आला याचा आनंद वेगळा, गायला कसा हे वेगळं. दोन्ही बोलता आलं पाहिजे, नाहीतर तुमच्या प्रेमाला काही अर्थ राहणार नाही.”

चाहता: “ते मान्य. पण मग एवढं सांगा: लंडनमध्ये २०२२ पासून ‘आबा’ या बँडची मैफल चालू आहे, ‘आबा’शिवाय. संगणकाने घडवलेल्या त्यांच्या तरुण प्रतिमा नाचतात, आवाज रेकॉर्डचे, बरोबर जिवंत वादक. ‘किस’नेही डिसेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कला शेवटची मैफल केली आणि त्याच रात्री पडद्यावरचे आपले पुढचे अवतार दाखवले. तिथे पट्टी उतरत नाही, सूर हलत नाही, वय होत नाही. तुमच्या कसोटीला ते उतरेल का?”

समीक्षिका ते नाकारत नाही. ‘आबा’चे चौघे स्वतः त्या निर्मितीत सहभागी होते, त्यांनी आपल्या हालचाली त्यासाठी नोंदवून दिल्या, आणि ऐंशीच्या शरीराकडून पंचविशीचा आवेश मागण्यापेक्षा हे प्रामाणिक आहे, असे तिचे मत आहे. चाहता त्याला चित्रपट म्हणायला तयार आहे, मैफल म्हणायला नाही. ज्या रंगमंचावर चूक होऊच शकत नाही तिथे गाणे त्या रात्री घडत नाही, ते आधीच घडून गेलेले असते, असे तो म्हणतो. या मुद्द्यावर दोघांचे एकमत होत नाही.